वादळ गेल्यावरचं आजारपण: निसर्ग, तौक्ते आणि आपल्या वाड्या

सुरंगी

मे अर्धा सरला. आमच्याकडे आता कुणी सहज म्हणून आभाळाकडे बघत नाही. सकाळी अंगणात आलं की पहिली नजर दर्याकडे जाते. २०२० च्या ३ जूनपासून ही सवय लागली आहे.

आमचं घर श्रीवर्धन तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. निसर्ग वादळ आलं त्या दुपारी आम्ही सातजण माजघरात बसलो होतो. कौलं एकेक करून न जाता एकदम ओळीच्या ओळी उचलली जात होती. वाडीत पोफळी मोडताना आधी कर्रर्र आवाज यायचा आणि मग धप्प. वारा उतरल्यावर दार उघडलं तर दारातून समुद्र दिसला. आजवर मधल्या वाडीमुळे तो कधी दिसलाच नव्हता.

पण घरात कुणाला खरचटलंही नव्हतं. आळीतले सगळे एकमेकांना "जीव वाचला" म्हणून सांगत होते, आणि ते खरंच होतं. राज्यातल्या मृतांचा आकडाही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाच आला. आधी माणसं हलवली होती, त्याचं ते यश होतं. त्याला मी अजिबात कमी लेखत नाही.

मला लिहायचंय ते त्यानंतरच्या दीड महिन्याबद्दल. माझे बाबा तेव्हा ७१ वर्षांचे होते, मधुमेह, दोन वेळा इन्सुलिन. वीज गेली ती महिन्याहून जास्त काळ. फ्रिज पहिल्याच संध्याकाळी कपाटासारखा झाला. फोन बंद, रस्त्यावर आडवे माड, जवळचं औषधांचं दुकान पत्रे उडाल्यामुळे बंद. पाचव्या दिवशी माझा भाऊ झाडांवरून चढत-उतरत, मग कुणाच्या तरी मोटरसायकलवरून दुसऱ्या गावी गेला आणि इन्सुलिन घेऊन आला. येताना ते त्याने ओल्या टॉवेलात गुंडाळून छातीशी धरलं होतं, आणि घरी आम्ही ते माठात ठेवलं.

आमच्या मागच्या आळीतल्या एका काकांकडे असा भाऊ नव्हता. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या. "रस्ता झाला की आणू" म्हणाले. बाराव्या दिवशी पहाटे त्यांना झटका आला, अर्धं अंग गेलं. फोन लागत नव्हता म्हणून गाडी बोलवायला मुलगा चालत निघाला. काका वारले. वादळात गेलेल्यांच्या यादीत त्यांचं नाव नाही, आणि त्या यादीच्या नियमाने ते असणारही नाही. माझ्या मनाला मात्र ते कधी पटलं नाही. वादळ आलं नसतं तर त्यांची गोळी चुकली नसती.

म्हणून हा धागा. तुमच्या गावात वादळानंतर तब्येतींचं काय झालं ते सांगा. आणि पाऊस लागायच्या आत एका वाडीने नेमकं काय करून ठेवावं, हेही. मला आमच्या आळीपुरतं तरी काहीतरी उभं करायचं आहे.

---

वाशिष्ठीकाठ

सुरंगी, वाचताना घसा दाटला. आमच्याकडे वादळ नव्हे, पूर. पण गोष्ट तीच. २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी शिरलं आणि औषधांची दुकानं तळमजल्यावर. गावभरच्या लोकांच्या रोजच्या गोळ्या एका रात्रीत चिखलात गेल्या. घरात होत्या त्याही भिजल्या. माझ्या आईला तिच्या थायरॉईडच्या गोळीची ताकद आठवेना, कारण आम्ही सगळे ‘ती पांढरी बाटली’ एवढंच ओळखत होतो. तेव्हापासून घरातल्या प्रत्येकाच्या औषधाची चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत, देवघराच्या वरच्या फळीवर असते.

---

गावडॉक्टर

मी रायगड आणि रत्नागिरी, दोन्ही जिल्ह्यांत प्राथमिक आरोग्य केंद्रात काम केलं आहे. सुरंगीताई, तुमच्या काकांसारखे रुग्ण आम्ही पाहिलेत, आणि ते कुठल्याच रकान्यात बसत नाहीत, हे खरं आहे.

वादळानंतर दवाखान्यात गर्दी होते ती एका ठरावीक क्रमाने. पहिल्या दोन-तीन दिवसांत येतात ती वाऱ्याने जखमी झालेली माणसं, असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात बहुतेकजण वारा थांबल्यावर छपरावर चढलेले असतात. पाऊस तोंडावर, घर उघडं, म्हणून ताडपत्री घेऊन ओल्या वाशांवर चढायचं आणि घसरायचं. पत्र्याने तळहात चिरलेले, गंजक्या खिळ्यावर पाय पडलेले, कोयत्याने झाड तोडताना पायावर घाव बसलेले. जखम साबणाने आणि स्वच्छ पाण्याने भरपूर धुवायची आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला यायचं, ‘छोटंसंच आहे’ म्हणून घरी बसायचं नाही. मोडलेले सिमेंटचे पत्रे उचलण्याआधी त्यांवर पाणी मारा. जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ श्वासातून आत जाऊ नये.

त्याच दिवसांत विंचू आणि साप. पडलेल्या कौलांच्या आणि लाकडांच्या ढिगात ते आसरा घेतात, आपण उघड्या हाताने ढीग उपसतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरायची पद्धत घालून दिली, त्याआधी आपल्याच जिल्ह्यात त्या दंशाने किती पोरं गेली असतील! फुरसं लहान दिसतं म्हणून त्याला हलकं समजू नका. चिरू नका, घट्ट बांधू नका, हातपाय हलू न देता थेट दवाखाना.

मला सगळ्यात जास्त धास्ती असते ती दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्याची. निसर्ग आलं तेव्हा जूनचा पहिला आठवडा होता, म्हणजे पेरणीचे दिवस. हातापायांना वादळाच्या आवराआवरीतल्या जखमा, आणि त्याच पायांनी माणसं चिखलात उतरतात. उंदरांची बिळं बुडालेली, गुरं उघड्यावर. त्यांच्या लघवीतून लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) जंतू साचलेल्या पाण्यात येतात आणि चिरलेल्या कातडीतून आत शिरतात. ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळानंतर लेप्टोची साथ नोंदली गेली आहे. आपल्याकडे तर हा रोग वादळ नसतानाही पावसाळ्यात असतोच. ताप, डोळे लाल, आणि पोटऱ्या इतक्या दुखतात की माणसाला उभं राहवत नाही. असं झालं की ‘अंग मोडून काम केलं म्हणून दुखतंय’ असं समजून घरी झोपू नका. लवकर आलेला रुग्ण साध्या प्रतिजैविकाने बरा होतो. उशिरा आलेल्याची मूत्रपिंडं आणि फुप्फुसं सांभाळत बसावं लागतं.

---

सडा

डॉक्टर, लेप्टोच्या गोळ्या म्हणजे डॉक्सी (डॉक्सिसायक्लिन) ना? मग प्रत्येक घराने एक पाकीट आणूनच ठेवलं तर?

---

गावडॉक्टर

नको. ज्यांना चिखलात उतरावंच लागतं त्यांना आरोग्य कर्मचारी आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम देतात, तेही त्या काळापुरतं. गरोदर बाईला आणि लहान मुलांना ही गोळी अशी देत नाहीत. घरात पाकीट असलं की ताप आल्यावर लोक तीच खात बसतात आणि दवाखान्यात यायचे दोन दिवस वाया जातात. गोळीपेक्षा गमबूट आणून ठेवा. जखम असेल तर ती झाकून मगच शेतात जा.

---

टँपावासी

मूळचा मुरूडचा, आता बरीच वर्षं फ्लोरिडात. इथे त्याला हरिकेन म्हणतात, आपल्याकडे चक्रीवादळ, जपानकडे टायफून, जात एकच.

सुरंगी, तुम्ही यादीत नसलेल्या माणसांबद्दल लिहिलंत, त्यावरून पोर्तो रिको या अमेरिकेच्या ताब्यातल्या बेटाची गोष्ट सांगतो. २०१७ च्या सप्टेंबरात मारिया आलं. सरकारी मृतांचा आकडा कित्येक महिने ६४ वर थांबला होता. नंतर जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाने त्या पाच-सहा महिन्यांतले एकूण मृत्यू आणि एरवी होतात ते मृत्यू यांची तुलना केली, तेव्हा जास्तीचे २,९७५ निघाले आणि सरकारने तोच आकडा मान्य केला. घरोघरी जाऊन केलेल्या दुसऱ्या एका पाहणीत असं दिसलं, की वादळानंतरच्या मृत्यूंपैकी जवळपास एक तृतीयांश उपचार लांबल्याने किंवा तुटल्याने झाले होते. डायलिसिस बंद, ऑक्सिजनचं यंत्र बंद, औषध नाही. तुमच्या मागच्या आळीतले काका त्या २,९७५ मध्ये मोजले गेले असते.

२०२४ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने तर आणखी पुढचं सांगितलं. अमेरिकेत एका वादळामागे सरासरी २४ मृत्यू अधिकृतपणे नोंदले जातात, पण पुढची पंधरा वर्षं धरली तर जास्तीचे मृत्यू ७,००० ते ११,००० भरतात. साठवलेला पैसा घर दुरुस्तीत जातो, नोकऱ्या जातात, माणसं तपासण्या पुढे ढकलतात. पंधरा वर्षं हा आकडा मला आधी अतिशयोक्त वाटला होता. मग आमच्या गावच्या वाड्या आठवल्या. पोफळ लावली की धरायला सहा-सात वर्षं लागतात. तोवर त्या घराने दवाखान्याचा खर्च कशातून करायचा?

इथल्या दोन गोष्टी आपल्याकडे आणण्यासारख्या आहेत. जिल्ह्याला वादळाचा इशारा लागला की विमा कंपनीला ३० दिवसांचं औषध मुदतीआधी द्यावंच लागतं, तसा कायदा आहे. दुसरं, ज्यांना यंत्राची, मदतीची गरज आहे अशा माणसांची नोंदवही प्रत्येक काउंटी (इथला जिल्हा) आधीपासून ठेवते.

आणि एक कळकळीचं सांगणं. आता गावाकडेही लोक जनरेटर घेऊ लागलेत. तो पडवीत किंवा खिडकीखाली लावू नका. २०२० मध्ये लॉरा वादळात लुईझियानात जे गेले, त्यांतले कित्येकजण जनरेटरच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडने गेले. त्याला वास नसतो, झोपलेला माणूस उठतच नाही.

---

सडा

नोंदवही वगैरे ठीक. पण मला वाटतं मूळ दुखणं विजेचं आहे. वीज आठ दिवसांत आली असती तर फ्रिज, पंप, फोन, सगळं चाललं असतं आणि या धाग्यातलं अर्धं आजारपण झालंच नसतं. किनाऱ्यावरच्या तारा जमिनीखालून नेल्या पाहिजेत, आणि प्रत्येक आरोग्य उपकेंद्रावर सौर पॅनेल पाहिजे. आपण वाड्यावाड्यांनी माठ आणि याद्या करत बसलो तर मोठी मागणी मागे पडते.

---

सुरंगी

सडा, तुमच्या मागणीला माझा शंभर टक्के पाठिंबा, आणि ग्रामसभेत मी ती मांडणार आहे. पण तारा जमिनीखाली जाईपर्यंत किती पावसाळे जातील? बाबांना उद्या सकाळी इन्सुलिन लागणारच आहे.

---

खाडीपार

मी देवगड बाजूचा. माझं घर वादळात कधी पडलं नाही, म्हणून लिहू की नको असं झालं होतं.

नोव्हेंबर २००९ मध्ये फयान आलं तेव्हा आमच्याकडच्या होड्या समुद्रात होत्या. हल्लीसारखे इशारे तेव्हा होडीपर्यंत पोचत नव्हते. माझ्या शेजारणीचा नवरा परत आला नाही. देहही मिळाला नाही. देह नाही म्हणजे दाखला नाही, आणि कायद्याने माणूस मेला असं धरायला सात वर्षं थांबावं लागतं. ती सात वर्षं मी जवळून बघितली. कपाळाचं कुंकू पुसायचं की ठेवायचं, हे तिला कुणी सांगू शकत नव्हतं. रात्री किनाऱ्यावर इंजिनाचा आवाज आला की ती उठून दारात यायची. पस्तिशीत तिला रक्तदाब लागला, झोप गेली, केस गळले. डॉक्टरने गोळी दिली, पण "तुला रात्री झोप का लागत नाही" हे कुणी विचारलं नाही. आम्हीही नाही. आमच्यात अशी विचारायची रीत नव्हती.

तौक्ते आलं २०२१ च्या मे महिन्यात, तेव्हा होड्या आधीच वर ओढल्या होत्या, तरी काही गेल्याच. त्या दिवशी वारा वाढला तशी ही बाई आमच्या पडवीत येऊन बसली आणि नुसती थरथरत होती. बारा वर्षांनी. माझी आई तिचा हात धरून बसली, "वारो कमी होताहा गो, कमी होताहा" एवढंच म्हणत. बाहेर वारा वाढतच होता.

याला आजार म्हणायचं की नाही मला कळत नाही, पण या धाग्यात याची जागा आहे असं वाटलं.

---

गावडॉक्टर

खाडीपार, आजारच आहे, आणि त्यावर उपचारही आहे. वारा सुटला की छाती धडधडणं, मुलांनी अंथरूण ओलं करणं, म्हाताऱ्या माणसाने वाडीत जायचंच सोडून देणं. हे सगळं वादळानंतर महिनोन् महिने दिसतं. बागायतदार पुरुष तर बोलतही नाहीत, संध्याकाळची बाटली तेवढी वाढते. २०२२ पासून टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाईनचा १४४१६ हा क्रमांक आहे, फुकट, मराठीत बोलता येतं. त्या ताईंना अजूनही उशीर झालेला नाही. पहिला फोन करताना तुमची आई शेजारी बसली तर फार बरं होईल.

---

वाडीवस्ती

नमस्कार. मी आशा कार्यकर्ती आहे, मंडणगड तालुक्यात. मोठं लिहायची सवय नाही, पण पाण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

निसर्गनंतर नळयोजना बंद, कारण पंपाला वीज नाही. मग ज्या विहिरी आम्ही दहा वर्षं वापरत नव्हतो त्यांवर सगळा गाव आला. विहिरीत झावळ्या पडलेल्या, पानं कुजलेली, एकीत मेलेला उंदीर. आम्ही आधी सगळं उपसून काढलं आणि मग टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर, टाकली. ती पावडर मूठभर घेऊन वरून भिरकावली तर उपयोग नाही. बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घ्यायचं, ती बादली दोराने विहिरीत सोडून खालीवर हलवायची. हजार लिटरला अडीच ग्रॅम असा हिशेब आहे, पण घाण पडलेल्या विहिरीला तेवढी पुरत नाही. तासाभराने ओटी चाचणी, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघायचं. नळीत पाणी घेऊन थेंब टाकले की पिवळं व्हायला पाहिजे. पहिल्या दिवशी आमच्या विहिरीचं पाणी पांढरंच राहिलं. पुन्हा टाकली, पुन्हा पांढरं. तिसऱ्यांदा लिंबाच्या सालीसारखं पिवळं झालं तेव्हा आम्ही चौघी बायका ओरडलोच आनंदाने. पुढचा महिनाभर रोज सकाळी नळी घेऊन जात होते. त्या विहिरीवरच्या घरांत जुलाबाची साथ आली नाही. वासाची तक्रार सगळ्यांनी केली, ती ऐकून घेतली.

डासांचं एक सांगते. टायर, कुंड्या सगळे बघतात. आमच्या वाड्यांत मोडलेल्या पोफळींच्या विऱ्या (पानांचे रुंद देठ) उताण्या पडतात, त्यांत पाणी साठतं. शहाळ्यांच्या करवंट्यांत, ताडपत्रीच्या खोळीत साठतं. डेंग्यूच्या डासाला तेवढं पुरतं, आठ-दहा दिवसांत नवी पिढी तयार. विऱ्या पालथ्या घालायच्या, जमल्यास बांधावर नेऊन ढीग करायचा. पोरांना हे काम दिलं तर ती आवडीने करतात.

आणि यादीबद्दल. ती नव्याने करायची गरज नाही, आमच्या वहीत असते. गरोदर बाई कोण, तारीख कधीची, साखरेचं कोण, बीपीचं कोण, क्षयाच्या गोळ्या कुणाला चालू. फक्त इशारा आला की ती वही उघडून ‘कुणाकडे किती दिवसांच्या गोळ्या आहेत’ असं कुणी आम्हाला विचारत नाही. आम्हाला विचारतात किती घरं पडली.

---

टँपावासी

वाडीवस्ती ताई, तुमचं शेवटचं वाक्य जिल्ह्याच्या बैठकीत वाचून दाखवावं असं आहे. ओडिशात गरोदर बायकांबाबत हेच करतात. २०२४ च्या ऑक्टोबरात दाना वादळाआधी दिवस भरत आलेल्या चार हजारांहून जास्त बायकांना त्यांनी दवाखान्यांत नेऊन ठेवलं, आणि त्यांतल्या सुमारे सोळाशे तिथेच सुखरूप बाळंत झाल्या. वही तीच, फक्त दोन दिवस आधी उघडली.

---

वाशिष्ठीकाठ

डायलिसिसवाल्यांचं काय? आमच्या नात्यातले एकजण आठवड्यातून दोनदा जातात. एक फेरी चुकली तरी पाय सुजतात.

---

गावडॉक्टर

त्यांनी इशारा लागताच केंद्रावर फोन करून पुढची फेरी अलीकडे घेता येईल का ते विचारायचं. शक्य असेल तर वादळाच्या वाटेबाहेरच्या गावात नातेवाइकांकडे जाऊन राहायचं, जिथे दुसरं केंद्र आहे. फाईल सोबत. फेरी चुकलीच तर पाणी मोजून प्यायचं, आणि नारळपाणी, केळी कटाक्षाने बंद, कारण त्यांत पोटॅशियम असतं. वादळानंतर आपल्याकडे शहाळी जमिनीवर खच पडलेली असतात, लोक प्रेमाने आणून देतात, म्हणून मुद्दाम लिहितोय.

---

सुरंगी

सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टर, एक विचारायचं होतं. त्या वेळी आम्ही बाबांचं इन्सुलिन माठात ठेवलं होतं. बरोबर केलं का? आता उरलेल्या दिवसांसाठी पुन्हा तीच सोय करून बघतेय. मोठ्या मातीच्या मडक्यात तळाला पाणी, त्यात उपडी वाटी, वाटीवर स्टीलचा कोरडा डबा, डब्यात शिशी. मडक्याभोवती ओलं फडकं, माजघरात, चुलीपासून लांब. आज दुपारी दोन वाजता भावाने तापमापक लावून बघितला. बाहेर ३३, डब्यात २९.

---

गावडॉक्टर

बरोबर केलंत. आपली हवा दमट, त्यामुळे इथला माठ घाटावरच्याइतका गार होत नाही, पण तीन-चार अंश उतरले तरी मोठी गोष्ट आहे. वापरात असलेली शिशी बहुतेक प्रकारांत ३० अंशांच्या आत चार आठवडे टिकते, तुमच्या शिशीवरचा कागद वाचून खात्री करा. शिशी पाण्यात बुडू द्यायची नाही, बर्फालाही चिकटवायची नाही. गोठलेलं इन्सुलिन फेकायचं. निवळ असणारं गढूळ दिसलं, किंवा दुधाळ असणाऱ्यात गुठळ्या दिसल्या, तर तेही टोचायचं नाही. आणि वादळाच्या दिवसांत जेवण वेळेवर होत नाही, म्हणून साखर खाली जायची भीती जास्त. बाबांच्या उशाशी गुळाचा खडा ठेवा.

---

सुरंगी

ठेवला.

आमच्या आळीच्या आशाताईंशी आज बोलले. त्यांची वही आणि आमच्या घरचा कोरा रजिस्टर घेऊन आम्ही दोघी संध्याकाळी फिरलो. प्रत्येक घरात गोळ्यांची पट्टी बघायला मागितली, किती उरल्या ते मोजलं, चिठ्ठीचा फोटो घेतला. मागच्या आळीतल्या त्या काकांच्या घरीही गेलो. काकूंना आता स्वतःला रक्तदाबाची गोळी चालू आहे. पट्टीत सहा उरल्या होत्या. भाऊ उद्या बाजारात जातोय, त्यांच्या चिठ्ठीवर महिन्याच्या आणेल.

पहिल्या पानावर एकोणीस नावं झाली. वरच्या अंगाची चार घरं राहिली आहेत, तिकडे सकाळी जाऊ.